वही आमची, भांडण त्यांचे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कौटुंबिक न्यायालयात कागदपत्रे मागवण्यावरचा आपला कालचा लेख वाचला. त्यात ‘तिसऱ्या व्यक्तीकडील माहिती’ दोन-तीनदा आली आहे. ती तिसरी व्यक्ती म्हणजे मी.

१४ जुलै २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाचे आपण कौतुक केले. नवऱ्याने चोरून रेकॉर्ड केलेले बायकोचे फोन पुराव्यात चालतात म्हणे. चालोत, ते दोघे पाहून घेतील. माझे कृषी केंद्र आहे, म्हणजे बियाणे-खतांचे दुकान. गावातल्या एकाच्या पोटगीच्या केसमध्ये तो मक्त्याने (भाड्याने) किती वावर करतो हे पाहायला माझी उधारीची वही समन्स काढून मागवली. पोरीला पोटगी मिळालीच पाहिजे, त्यात दुमत नाही. त्याने पेरायला सतरा बॅगा सरकी नेली, ते पान मीच काढून दिले असते.

पाहिजे होते एक पान, गेली अख्खी वही. बाहेरच्या बाकावर वकिलाचा मुन्शी बोटाला थुंकी लावून पाने उलटत होता, अन् बाजूला आमच्याच गावचे दोघे मान वाकवून बसले होते. त्या वहीत एका कास्तकाराकडे अडतीस हजार बाकी होते. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर आकडा बरोबर हजर. त्याच्या पोरीची सोयरीक चालू होती. पाहुण्यांनी मलाच फोन करून विचारले, “बाकी खरी हाय का?” काय सांगू? तो आता दुकानासमोरून मान खाली घालून जातो, खत तालुक्यावरून आणतो.

दुकानाच्या चालू वहीतली नोंद असेल तर नक्कल ठेवून वही परत द्यायची, असे दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ मध्ये लिहिले आहे (आदेश १३, नियम ५). साक्ष नको, नुसता कागदच हवा असेल तर तो दुसऱ्याच्या हाती पाठवला तरी चालतो. समन्स आणणाऱ्याने हे सांगितले नाही, वकिलाने तर नाहीच. नातवाने मोबाइलवर दाखवले, तेही वही सव्वा महिना अडकल्यावर, ऐन पेरणीत. आणि नवरा-बायकोपैकी एकाने म्हटले तरी त्यांची सुनावणी बंद दाराआड! वा! आमची वही मात्र बाकावर.

जाता जाता, आपल्या बाजारभावात सोयाबीनचा दर दोन दिवस जुना असतो. लोक पेपर घेऊन माझ्याशी भांडतात. तेवढे तरी सुधारा.

आपला,
एक कृषी केंद्रवाला, जि. यवतमाळ