माल्ट बार्लीचे वाण: नुसती पोती मोजून भागणार नाही

संपादक महोदय,

उसाचा खोडवा मोडून मोकळ्या झालेल्या रानात, त्यातही कृष्णा-दूधगंगा काठच्या क्षारपड पट्ट्यात, रब्बीला बार्ली घ्यावी का, असा विचार बेळगाव जिल्ह्यातल्या चिक्कोडी, रायबाग, अथणीकडचे काही शेतकरी करतात. क्षार सोसण्यात ती गहू-हरभऱ्याच्या पुढे आहे, हे खरे. पण वाण निवडताना आपल्याकडे एकच विचारले जाते: एकरी किती पोती? जनावरांना घालायची असेल तर तेवढे पुरे. माल्टसाठी, म्हणजे बिअर वगैरेसाठी मोड आणून वाळवायच्या धान्यासाठी, नाही.

आधी नावाचा घोळ. मराठीत सातू किंवा जव म्हणजे बार्ली. जवस वेगळे, ते तेलबी. आपल्या भागात कन्नडमधून ‘जवे गोधी’ मागितले, तर दुकानदार खपली गहू काढून देईल. बियाणे आणायला जाताना वाणाचे नाव कागदावर लिहून न्यावे.

ओंबीवरच्या दाण्यांच्या ओळींवरून बार्लीचे दोन प्रकार पडतात: सहा ओळींची आणि दोन ओळींची. सहा ओळींच्या बार्लीची ओंबी निरखून पाहा. प्रत्येक पेरावर तीन दाणे असतात. मधला सरळ आणि भरलेला, बाजूचे दोन किंचित पिळलेले आणि बारीक. दोन ओळींच्या ओंबीत फक्त मधला दाणा भरतो, म्हणून माल एकसारखा निघतो. माल्ट करताना धान्य भिजवून मोड आणतात आणि ठरावीक वेळी भट्टीत वाळवून मोड थांबवतात. बारीक दाणा पाणी लवकर ओढतो, जाड मागे राहतो. मग अर्धा माल पुढे गेलेला, अर्धा कच्चा. डीडब्ल्यूआरयूबी-५२, डीडब्ल्यूआरबी-१०१, डीडब्ल्यूआरबी-१२३ हे दोन ओळींचे माल्टचे वाण. पण ते वायव्य भारताच्या लांबलचक थंडीसाठी काढलेले आहेत. इथे ते कसे वागतात, हे इथल्याच रानात तपासावे लागते.

तपासणीचे तुकडे मोठे नकोत. ५ मीटर लांब, २० सेंमी अंतराच्या पेरणीच्या सहा ओळी, म्हणजे ६ चौरस मीटर. प्रत्येक वाण तीन ठिकाणी, जागा चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या. एकेकच तुकडा केला, की पाटाच्या तोंडाशी आलेले वाण हमखास पहिले येते; त्यात वाणाचे कर्तृत्व काही नसते. तुकड्याच्या किलोला ६.७५ ने गुणले की एकरी क्विंटल मिळतात.

मग चाळणी. १०० ग्रॅम दाणे २.५ मिमी फटीच्या चाळणीवर पाच मिनिटे हलवा. दोन ओळींच्या वाणाचे ९० टक्क्यांहून जास्त दाणे वर राहायला हवेत. समजा, एका वाणाने तुकड्यात २.४ किलो दिले आणि ७० टक्के दाणे वर राहिले, दुसऱ्याने २.१ किलो दिले आणि ९२ टक्के राहिले. पोत्यांत पहिले पुढे, १६.२ क्विंटलला १४.२. चाळणीवर राहिलेल्या जाड मालात मात्र दुसरे पुढे: १३ क्विंटल, पहिल्याचे ११.३.

प्रथिने साधारण ९ ते ११ टक्के हवीत. ती वाढली की दाण्यातला स्टार्च घटतो, माल्टचा अर्क कमी उतरतो. आपल्याकडे इथेच सगळे बिघडते. उसाला ओतलेले नत्र रानात शिल्लक असते, त्यावर पुन्हा युरिया पडतो, पीक हिरवेगार होऊन लोळते. युरियाचा दुसरा आणि शेवटचा हप्ता पहिल्या पाण्याबरोबर, पेरणीनंतर ३०-३५ दिवसांच्या आत संपवावा. पोटरीत, म्हणजे ओंबी बाहेर पडण्याच्या बेतात असताना, टाकलेला युरिया उतारा फारसा वाढवत नाही, प्रथिने वाढवतो. पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात हवी. ऊसतोडणीची टोळी जानेवारीत आली आणि मग रान मोकळे झाले, तर दाणा भरण्याची वेळ मार्च-एप्रिलच्या उन्हात येते. दाणा बारीक राहतो आणि प्रथिनेही चढतात. अशा रानातल्या आकड्यांवरून वाणाला नावे ठेवू नयेत.

मळणीयंत्राचे फेरे गव्हाएवढे ठेवले की टरफल सोलले जाते, अंकुर दुखावतो. उगवण ९५ टक्क्यांच्या वर लागते. काचेच्या बशीत गाळणकागदावर १०० दाणे ४ मिली पाण्यात, दुसऱ्या बशीत १०० दाणे ८ मिली पाण्यात, तीन दिवस ठेवा. पहिल्या बशीत उगवण चांगली आणि दुसऱ्यात निम्मी असेल, तर दाणे जास्त पाण्यात गुदमरतात. कारखान्यात भिजवताना तसेच होईल. मळणी होताच केलेली चाचणी मात्र फसवते, कारण ताजा दाणा सुप्तावस्थेत असतो. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करावी.

धारवाड कृषी विद्यापीठाने आणि जिल्ह्यातल्या कृषी विज्ञान केंद्रांनी अशा चाचण्या दोन-तीन हंगाम, काळ्या आणि क्षारपड अशा दोन्ही रानांत घ्याव्यात. शिवारफेरीच्या फलकावर उताऱ्याशेजारी जाड दाण्याची टक्केवारी, प्रथिने आणि उगवण हे तीन आकडे कन्नड आणि मराठीत लिहावेत. आणि माल्टसाठी बार्ली घेण्याचा करार करणाऱ्या कंपनीकडून चाळणी, प्रथिने, ओलावा यांच्या मर्यादा आणि प्रत्येक मर्यादेचा दर पेरणीआधी लेखी घ्यावा. गाडी कारखान्याच्या गेटवरून परत आली, तर तोच माल पशुखाद्याच्या भावाने विकावा लागतो.

– एक कृषी पदवीधर, चिक्कोडी तालुका