शनिवारच्या आत वाच

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू ताटावरून उठून गेलीस. अळूचं फदफदं आम्हाला मंगळवारपर्यंत पुरलं. बाबा काही बोलले नाहीत, पण तिसऱ्या दिवशी वाटी पुढे केली तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की बोलले असते तर बरं झालं असतं. मेसेज केला तर तू निळ्या खुणा करून गप्प बसतेस, म्हणून हे पत्र. टाइप केलंय. माझं अक्षर तुला लागत नाही, आणि मलाही हात की-बोर्डवर असले की डोकं चालतं.

नव्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांची तुझी यादी पुन्हा वाचली, या वेळी चष्मा लावून. "खेळण्यावर दीड लाख" असं मी म्हणायला नको होतं. ज्या बाईने शनिवार पेठेतल्या दहा बाय आठच्या गाळ्यात असेंबल केलेल्या कॉम्प्युटरवर संसार चालवला, तिने तर नकोच.

ग्राफिक कार्डाचं तुझं बरोबर आहे. ब्लेंडरमध्ये, त्या तुझ्या अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये, रेंडर करताना, म्हणजे शेवटची चित्रं तयार करून घेताना, अख्खा सीन कार्डाच्या मेमरीत मावावा लागतो, नाहीतर काम रखडतं किंवा बंदच पडतं, हे तू सांगत होतीस आणि मी पोळ्या लाटत होते, पण ऐकत होते. तेव्हा 5060 टीआय घेणार असशील तर 16 जीबीचंच घे. नाव तेच असलेलं 8 जीबीचंही मिळतं. दुकानदाराने "सेम आहे मॅडम" म्हटलं तरी खोक्यावरचा आकडा स्वतः वाच. रॅमच्या 16-16च्या दोन स्टिक, हेही पटलं. पण रायझन 9700एक्स लिहिलंस आणि कूलर कुठे आहे? त्या प्रोसेसरच्या खोक्यात पंखा येत नाही. सगळं जुळवून रात्री अकरा वाजता हे लक्षात आलं असतं तर?

आता एसएमपीएस, मशीनला वीज पुरवणारा तो डबा. तू चिडशील. काचेच्या, रंगीत दिव्यांच्या कॅबिनेटला पैसे आहेत आणि एसएमपीएसच्या पुढे नुसतं "कोणताही 550" लिहिलंयस. कोणताही म्हणजे काय गं? आमच्या त्या मशीनमध्येही "कोणताही" होता. हातात घेतला तर खेळण्यासारखा हलका, वर स्टिकर मात्र मोठ्या आकड्याचा. मला तेव्हा काय कळत होतं? ज्याने मशीन बांधून दिलं त्याने टाकला, मी पैसे दिले.

1998 साल, गणपती तोंडावर आलेले, तू सात महिन्यांची पोटात. एका निवृत्त मास्तरांच्या आत्मचरित्राचं काम होतं, 212 पानं. पेजमेकर आणि श्री-लिपी या सॉफ्टवेअरमध्ये सगळी पानं लागलेली, दुसरं प्रूफ झालेलं, आता फक्त ट्रेसिंग पेपरवर प्रिंट काढून प्रेसला द्यायचं. दुपारी लाइट गेली, आली, परत गेली, आणि आली तेव्हा फट् आवाज झाला. वास अजून नाकात आहे. एसएमपीएस जळाला तो जळाला, जाताना हार्ड डिस्क घेऊन गेला. 2.1 जीबीची डिस्क, माझं सगळं जग त्यात. फ्लॉपीवर सातव्या प्रकरणापर्यंतच होतं, कारण आठव्याच्या दिवशी फ्लॉपी संपल्या होत्या आणि मी "उद्या आणू" म्हटलं. शमामावशीचं मशीन उसनं आणून मी रात्री जागून पुन्हा टाइप केलं. बाहेर ढोल, आत तू लाथा मारतेस, आणि मी मास्तरांच्या बालपणातल्या कोकणात. त्यांना मी कधीच सांगितलं नाही. पुस्तक वेळेत निघालं. अर्पणपत्रिकेत एक चूक राहिली, ती अजून टोचते.

म्हणून म्हणते, 650 वॅटचा, नाव असलेला, निदान पाच वर्षं वॉरंटीचा घे. कार्ड 180 वॅट खातं, प्रोसेसर, डिस्का, पंखे धरून साडेतीनशेच्या आसपास जाईल, म्हणजे 650 आरामात पुरेल. 80 प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते, एवढंच. आत सुरक्षेची सोय कशी आहे ते त्या शिक्क्यावरून कळत नाही, वेगळं बघावं लागतं. आणि काम दोन ठिकाणी ठेव. दोन म्हणजे एकाच डिस्कवर दोन फोल्डर नव्हेत.

बघ, सुरू झालं माझं. तू सत्तावीस वर्षांची आहेस, मला माहीत आहे. नोकरी सोडलीस त्याबद्दल मी अक्षर काढणार नाही असं बाबांना कबूल केलंय, आणि काढत नाहीये. फक्त एवढंच की तिथे मशीन बिघडलं तर खाली फोन केला की माणूस यायचा. आता तो माणूस तूच. महिन्याच्या शेवटी पगार येणार नाही आणि त्यात मशीन बसलं तर... जाऊ दे. खोडता आलं असतं, पण राहू दे.

वारज्याच्या खोलीत अर्थिंग आहे का? तीन भोकांचं सॉकेट दिसलं म्हणजे अर्थिंग असतंच असं नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर समज की नाही. मालकांना सांगून वायरमन बोलाव, पैसे मी देते. आणि माझ्याकडचा जुना यूपीएस नेऊ नकोस. 600 व्हीए म्हणजे 600 वॅट नव्हे, जेमतेम 360 भरतील, आणि त्याची बॅटरी तुझ्या दहावीपासूनची आहे.

मॉनिटर "जुनाच चालेल" म्हणतेस. नाही चालणार. मी एकदा पडद्यावर कुंकवासारखा लाल बघून चारशे पत्रिका छापायला दिल्या, हातात आल्या त्या विटकरी. नवरीची आई गाळ्यात उभी राहून रडली. चूक माझीच होती. रंग खरे दिसायला आयपीएस पॅनेलचा घे, एसआरजीबी म्हणतात ती रंगांची पट्टी पूर्ण दाखवणारा. काचेचं कॅबिनेट नंतर आलं तरी रेंडर तेवढंच लवकर होईल.

तुझी ती चाळीस सेकंदांची क्लिप मी किती वेळा पाहिली सांगू? म्हातारी नळाखाली कळशी लावते आणि पदर खोचते, तो खोचायचा झटका नानीचाच आहे. तू कुठून उचललास, नानी गेली तेव्हा तू पाच वर्षांची. लॅपटॉपखाली बर्फाची पिशवी ठेवून एकोणीस तास तू तो रेंडर राखत बसलीस आणि मी तेव्हा फक्त "झोप आता" एवढंच म्हणाले. शेजारच्या काकूंना मात्र मी ती दोनदा दाखवली. त्या म्हणाल्या, पाणीकपातीचा गुरुवार दिसतोय, नळाला धार बारीक आहे.

शनिवारी हे सगळं सामान घ्यायला तपकीर गल्लीत जाणार आहेस ना? अकरापर्यंत जा, नंतर दगडूशेठची गर्दी आत येते. मी आप्पा बळवंत चौकात असेन, मला तशीही वह्या घ्यायच्या आहेत. हवं तर लांबून उभी राहीन. भाव तू कर, मी बोलणार नाही. फक्त एसएमपीएस हातात घेऊन बघू दे, जड आहे का.

चकल्या डब्यात वरच्या थरात आहेत, खालच्या थोड्या मऊ पडल्यात, त्या आधी खा.

तुझी,
आई

ता. क. डब्याच्या तळाशी कागदाखाली पाकीट आहे. साडेतीन हजार आहेत. "कोणताही" आणि चांगला, यांतला फरक मी फोन करून विचारला. कॅबिनेटसाठी नाहीत ते.