डिस्चार्ज कार्डावर पाळीचाही उल्लेख हवा

संपादक महोदय,

मूत्रपिंड प्रत्यारोपणावरचा रविवार पुरवणीतील लेख आहार आणि जंतुसंसर्ग यांपुढे गेला नाही. डायलिसिसच्या काळात अनियमित झालेली किंवा थांबलेली पाळी प्रत्यारोपणानंतर बहुधा काही महिन्यांत परतते. पहिली पाळी दिसण्याआधीच स्त्रीबीज सुटू शकते, म्हणजे दिवसही राहू शकतात. शरीराने नवे मूत्रपिंड नाकारू नये म्हणून नेमके याच काळात दिले जाणारे मायकोफेनोलेट हे औषध गर्भाला घातक असते. त्याने गर्भपात होऊ शकतो, बाळाच्या कानात किंवा ओठ-टाळूत व्यंग येऊ शकते. म्हणून पहिले वर्षभर तरी गर्भनिरोधन हवे. पुढे मूल हवे असल्यास गर्भधारणेच्या किमान ६ आठवडे आधी डॉक्टर ते औषध बदलून सहसा अ‍ॅझाथायोप्रिन देतात. घाबरून स्वतःच गोळी बंद केली, तर शरीर नवे मूत्रपिंड नाकारू शकते.

पाळीच्या दुखण्यावर मेडिकलमधून सर्रास आणली जाणारी मेफेनॅमिक अ‍ॅसिडची गोळीही टाळावी. नवे मूत्रपिंड नाकारले जाऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमस या औषधासोबत ती मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी घटवते. पॅरासिटामॉल चालते.

खानापूर, निपाणीकडच्या किती सुना हे सासूसमोर डॉक्टरांना विचारतील? बेळगावच्या रुग्णालयांनी ही माहिती डिस्चार्ज कार्डावर कन्नडसोबत मराठीतही छापावी.

— एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)