मॅनेजरपद नाकारलंय, बाबा

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांना,
शि. सा. न. वि. वि.

मॅनेजरची जागा मला देऊ केली होती, ती मी नाकारली. तसं लेखी कळवूनही झालं. फोनवर सांगितलं असतं तर बाबा "बरं" म्हणून गप्प झाले असते आणि पाठोपाठ दादाला फोन गेला असता, म्हणून लिहितेय.

आधी पैशांचं. पगार तिथेही जवळपास एवढाच होता. हुद्दा मोठा, हे खरं. पण त्या खुर्चीवरून डेटाबेसला, म्हणजे कंपनीची सगळी माहिती साठते त्याला, हात लागत नाही. रजा मंजूर करायच्या आणि मीटिंगांना बसायचं. किर्द जुळेपर्यंत तुम्ही ताटावर बसायचा नाहीत, बाबा, आणि मी पट्टी धरून शेजारी. ती खोड माझ्यातही उतरली, त्याला मी काय करू?

सगळं क्लाउडवर गेल्यावर डीबीएला, म्हणजे माझ्यासारख्या डेटाबेस सांभाळणाऱ्याला, काम काय उरलं, असं तुम्ही विचारता. क्लाउड बॅकअप घेतं. तो परत उभा राहतो का, हे माणसालाच बघावं लागतं. ३१ जानेवारी २०१७ ला, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीत दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचाच डेटा पुसला गेला. रोजचा बॅकअप होता म्हणावं, तर डेटाबेसचं सॉफ्टवेअर, पोस्टग्रेस, ९.६ आवृत्तीचं आणि बॅकअपचं साधन ९.२ चं, त्यामुळे तो होतच नव्हता. सुमारे सहा तास जुनी एक प्रत निघाली म्हणून निभावलं.

म्हणून दर महिन्याला बॅकअप वेगळ्या मशीनवर पूर्ण उभा करायचा, किती वेळ लागला ते लिहून ठेवायचं आणि मुख्य टेबलांतल्या, म्हणजे माहितीच्या तक्त्यांतल्या, ओळी मोजायच्या. स्टँडबाय (मुख्य सर्व्हरची सतत जुळती ठेवलेली दुसरी प्रत) आहे म्हणजे बॅकअप आहे, असं समजणारे पुष्कळ. चुकीचं डिलीट क्षणात तिकडेही पोचतं! बेस बॅकअप (एका वेळची पूर्ण प्रत) आणि त्यानंतरच्या सगळ्या वॉल फायली, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंदवही, जपल्या, तरच चुकीच्या मिनिटभर आधीपर्यंत परत जाता येतं. मधली एक फाईल हरवली की त्यापुढचं गेलं.

डेटाबेसमधला व्यवहार, म्हणजे चालू असलेलं काम, उघडा ठेवून कुणी जेवायला गेलं, तरी व्हॅक्यूमला (पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला) जुन्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगतं. शिवाय पोस्टग्रेसला व्यवहार क्रमांक साधारण दोनशे कोटींपर्यंतच पुरतात, म्हणून टेबलाचं वय, म्हणजे त्यातला सर्वात जुना क्रमांक किती व्यवहार मागे राहिला ते, २० कोटींवर गेलं की व्हॅक्यूम सक्तीने सुरू होतं. सर्व्हर मंदावला म्हणून लोक नेमकं तेच बंद पाडतात. असंच चालू राहिलं तर शेवटी सर्व्हर नवीन काही लिहूनच घेत नाही. हे ज्याला आधी दिसतं, तो माणूस खुर्चीत नको, सर्व्हरजवळ हवा.

आई, रात्रीच्या फोनची काळजी करू नकोस. आता आम्ही चौघं आहोत, रात्रीचा फोन घ्यायचं काम माझ्याकडे चार आठवड्यांतून एकदा येतं. डिस्क ७० टक्के भरली की दिवसाच इशारा येतो, त्यामुळे रात्री उठायची वेळ क्वचितच. डबा लावलाय. पोळ्या मऊ असतात, तुझ्यासारख्या नाहीत.

आता माझं ऐका. बाबा, सोसायटीचे हिशेब आणि सगळे फोटो त्या एकाच लॅपटॉपवर आहेत. पेनड्राइव्हच्या भरवशावर राहू नका. तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर: लॅपटॉप, बाहेरची हार्ड डिस्क, गूगल ड्राइव्ह. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात ठेवा. लावूनच ठेवली तर व्हायरस दोन्हीकडचं खाईल. महिन्यातून एकदा डिस्कवरची एखादी फाईल उघडून बघा. जमलं नाही तर चिडू नका, व्हिडिओ कॉल करा, मी सांगते. आणि आई, बरं वाटतंय म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही. डॉक्टरांना विचार. रागावत नाहीये गं.

एक टेराबाइटची डिस्क कुरियरने येतेय. केबल त्याच खोक्यात आहे, खोकं रद्दीत घालू नका.

तुमची,
चिमी