दिवसभर घरीच तर असते

प्रिय लेका,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू बायकोबद्दल विचारलंस, "आई, ती दिवसभर घरीच तर असते, छोटी झोपतेही भरपूर, मग संध्याकाळी मी येतो तेव्हा ती एवढी गळून गेलेली का असते?" कुरकुर म्हणून विचारलं नव्हतंस, खरंच कळत नव्हतं म्हणून विचारलंस, ते आवाजावरून समजलं. फोनवर उत्तर दिलं असतं तर तू "हो, हो" म्हणून विसरून गेला असतास. म्हणून लिहिते आहे. माझी सगळी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली हे खरं, पण वॉर्डात बाई दिसते ती दोन-चार दिवस. खरं काम ती घरी गेल्यावर सुरू होतं, आणि ते बघायला तिथे नर्स नसते. मागच्या महिन्यात तुमच्याकडे राहिले तेव्हा मी ते पुन्हा जवळून पाहिलं.

आधी हिशेब मांडते, कारण तुला आकडे पटतात. छोटी आता दीड महिन्याची. या वयाची बाळं २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितात. आपली १० वेळा पिते असं धर. वीस मिनिटांत मोकळी होणारी बाळं असतात, आपल्या बाईसाहेब ४० मिनिटं घेतात. मध्येच डुलकी, मग तळपायाला बोट लावून जागं करायचं, मग पुन्हा चार घोट. दहा गुणिले चाळीस म्हणजे ४०० मिनिटं. साडेसहा तासांहून जास्त झाले, आणि हे नुसतं पाजणं. मग खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा. तो कधी दोन मिनिटांत येतो, कधी पाव तास पाठ थोपटली तरी येत नाही आणि खाली ठेवल्यावर दुधाच्या गुळणीसकट येतो. मग झबलं बदला, दुपटं बदला. तिचा स्वतःचा खांदा भिजलेला असतो, तो बहुधा तसाच राहतो. लंगोट किंवा डायपर आठ-दहा वेळा. सगळं जोडून बघ. तुझ्या ऑफिसचे तास भरतात आणि वर उरतात, आणि रविवार त्यात धरलेला नाही.

आता तिच्या मोकळ्या वेळाचं बघू. डॉक्टर म्हणतात ना, दर दोन-तीन तासांनी पाजा, ते तास पाजायला घेतल्यापासून मोजायचे असतात. दोन वाजता घेतलं तर पाजून, ढेकर काढून, कपडे बदलून, झोपवून खाली ठेवेपर्यंत सव्वातीन होतात. पुढची पाळी साडेचारची. मधल्या सव्वा तासात तिने जेवायचं, आंघोळ करायची, झोपायचं, आईला फोन करायचा. यातलं एकच होतं. कोणतं, ते छोटी ठरवते.

छोटी भरपूर झोपते हे तुझं निरीक्षण बरोबर आहे. सुरुवातीच्या महिन्यांत बाळं दिवसाकाठी १४ ते १७ तास झोपतात. पण तुकड्यातुकड्यांनी. रात्र कोणती आणि दिवस कोणता हे त्यांच्या शरीराला कळायला दोन-तीन महिने जातात. शिवाय निम्मी झोप हलकी, त्यात ती तोंडं वेडीवाकडी करतात, कण्हतात, चोखल्यासारखे ओठ हलवतात. यातल्या प्रत्येक आवाजाला तुझी बायको डोळे उघडते. तू उघडत नाहीस. मी शेजारच्या खोलीत होते, तुझ्या घोरण्यात एकदाही खंड पडला नाही.

ती छोटीला खाली कशी ठेवते ते एकदा उभं राहून नीट बघ. मांडीवर झोप लागली म्हणून लगेच ठेवत नाही. आधी छोटीचा हात हलकेच उचलून सोडते. हात लुळा पडला तरच उठते. काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तशी पाळण्यापर्यंत जाते. वाकते, म्हणजे टाके असलेल्या अंगाने वाकते. आधी बूड टेकवते, मग पाठ, आणि डोकं सगळ्यात शेवटी, कारण डोकं मागे गेल्यासारखं वाटलं की बाळ दोन्ही हात फाकून दचकतं. या दचकण्याला वैद्यकात मोरो प्रतिक्षेप म्हणतात, अर्न्स्ट मोरो या डॉक्टरांनी १९१८ साली त्याचं वर्णन केलं. चार-सहा महिन्यांत ते आपोआप जातं. तसं दचकू नये म्हणून ती छोटीच्या छातीवर तळहात ठेवून तशीच वाकून उभी राहते. श्वास लांब झाला की एकेक बोट उचलते. आणि अशा वेळी कुणीतरी दाराची बेल वाजवतं.

पुन्हा पहिल्यापासून.

तुला वाटतं, पाजणं म्हणजे बसून राहणं. ते बसून करायचं काम आहे एवढंच. बाळाने स्तनाचं नुसतं टोक धरलं तर चिरा पडतात, भोवतीचा काळसर भागही तोंडात जायला हवा. हे दोघींनाही शिकावं लागतं आणि शिकेपर्यंत कधी रक्तही येतं. पहिल्या दिवसांत पाजताना पोटात कळा यायच्या तिला, आठवतं? तू घाबरलास. ज्या संप्रेरकाने पान्हा फुटतो त्यानेच गर्भाशयही आकसतं, त्याच्या त्या कळा. ते पूर्ववत व्हायला सहाएक आठवडे लागतात, रक्तस्रावही चार ते सहा आठवडे चालतो. वर दूध तयार करायला तिच्या शरीराला रोज ४०० ते ५०० जादा कॅलरी लागतात. आणि पाजायला बसलं की घशाला कोरड पडते. तेव्हा पाण्याची बाटली तिच्या हाताच्या अंतरावर असली पाहिजे, आणि ती उजवीकडे घेऊन बसली असेल तर बाटली डावीकडे. क्षुल्लक वाटेल तुला. छोटी अंगावर असताना हात न पोहोचणारी बाटली आणि शेजारच्या गावातली बाटली यांत फरक नसतो.

रात्रीचं पाजणं तू करू शकत नाहीस, आणि दूध टिकायला ते लागतंही, कारण दूध बनवणारं संप्रेरक रात्री जास्त स्रवतं. पण पाजण्याच्या अलीकडचं आणि पलीकडचं सगळं तुला येतं. छोटी कुरकुरली की उचलून तिच्याकडे द्यायची. पिऊन झालं की तिने कूस बदलून झोपायचं आणि पुढचं तू घ्यायचं. ढेकर, कपडे, झोपवणं. प्रत्येक खेपेला तिला अर्धा तास मिळाला तर रात्रीच्या तीन पाळ्यांत दीड तास झोप वाढते. एवढं एक केलंस तरी हे पत्र लिहिल्याचं चीज झालं. तुला सकाळी कामावर जायचं असतं हे मला ठाऊक आहे. तिला सकाळी कुठून सुटका आहे?

छोटीला झोपवशील तेव्हा पाठीवरच, घट्ट सपाट गादीवर, उशी-बिशी काही नको. सोफ्यावर तिला छातीवर घेऊन तू पेंगत होतास त्या दिवशी, मी उचलून नेलं तिला. ते पुन्हा नको.

आता जे हिशेबात येत नाही ते. तिच्या डोक्यात एक वही सतत उघडी असते. शेवटचं कोणत्या बाजूने पाजलं, शू किती वेळा झाली, शीचा रंग काय होता, मानेखालच्या घडीत लाल दिसतंय ते कालच्यापेक्षा कमी की जास्त, नखं वाढलीत, झबली तोकडी झालीत, लसीची तारीख. तू भला मुलगा आहेस, दारातून आलास की विचारतोस, "मी काय करू सांग." पण मग तुला काय सांगायचं हेही त्या वहीत चढतं. त्यापेक्षा काही पानं तुझ्या नावावर करून घे, कायमची. कपडे, नखं, लस आणि डायपरचा साठा, हे तुझं. डायपर किती उरलेत हे तिला विचारायचं नाही, कपाट उघडून बघायचं.

येणारे-जाणारे हेही तुझ्याकडे घे. लोक प्रेमाने येतात, पण बाळाला मांडीवर घेऊन बसतात आणि बाळंतिणीला चहाला उठवतात. आणि प्रत्येकजण एक प्रश्न विचारतो, "दूध पुरतं ना गं?" या प्रश्नाने बाईचा जेवढा धीर खचतो तेवढा जागरणानेही खचत नाही. दूध मापता येत नाही म्हणून ती मनातल्या मनात रोज नापास होते. तू उत्तर देत जा. दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट नीट ओले होतायत, वजन वाढतंय, म्हणजे पुरतंय, विषय संपला. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही लागत नाही, पाणीसुद्धा नाही, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. माझ्या वयाच्या बायका ऐकणार नाहीत. तू हसून सांग, पण सांग.

संध्याकाळचं रडणं. तू दार उघडतोस आणि छोटीने आकांत मांडलेला असतो, म्हणून तुला वाटतं काहीतरी बिनसलंय. सहसा काही बिनसलेलं नसतं. बाळांचं रडणं दुसऱ्या आठवड्यापासून चढत जातं, दीड-दोन महिन्यांच्या सुमारास कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांपर्यंत उतरतं. संध्याकाळी जोर जास्त. तुझ्या वाट्याला दिवसातला तो एक तास येतो, तिला त्याआधीचे दहा तास झालेले असतात. बॅग टाक, हात धू, छोटीला घे आणि घराबाहेर एक चक्कर मार. आणि कधी दोघांचंही डोकं फिरायची वेळ आली तर छोटीला पाळण्यात पाठीवर ठेवायचं, दार लोटायचं, पाच मिनिटं दुसऱ्या खोलीत बसायचं. रडून बाळाला काही होत नाही. गदागदा हलवल्याने मात्र मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. कितीही संतापलास तरी हलवायचं नाही.

तिच्या मनाकडे लक्ष ठेव. बाळंतपणानंतर पहिल्या काही दिवसांत ती उगाच रडायची, ते बहुतेक बायकांचं होतं. संप्रेरकं एकदम खाली येतात आणि दोन आठवड्यांत ते निवळतं. तिचं निवळलं. पण नैराश्य त्यानंतरही येऊ शकतं, वर्षभरात कधीही. छोटी झोपलेली असूनही तिला झोप लागेनाशी झाली, कशातच मन लागेना, छोटीकडे बघावंसं वाटेना, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं काही बोलली, तर समजूत घालत बसू नकोस, त्याच दिवशी डॉक्टरकडे ने. त्यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. आणखी दीड-दोन महिन्यांनी तिचे केस मूठमूठ गळायला लागतील, त्याने मात्र घाबरू नका, ते परत येतात.

तुझी एक तक्रार राहिली. छोटी तुझ्याकडे बघत नाही म्हणतोस. अरे, तू दोन हातांवरून वाकुल्या दाखवतोस. नव्या बाळाला नीट दिसतं ते २० ते ३० सेंटीमीटरवरचं, म्हणजे वीत-दीड वीत. पाजताना आईचं तोंड असतं तेवढंच अंतर. तेवढा जवळ जा, दाढी कर आधी, आणि हळू बोल. हसू याच सुमाराला येतं, झोपेतलं नव्हे, बघून दिलेलं. पहिलं कुणाला मिळतं यावर पैज लावू नका. तुला मिळालं तर तिला सांगताना थोडं जपून सांग. दिवसाचे दहा तास ती समोर असते आणि मान तुला मिळाला, तर हसेल ती, पण लागेलही.

पुढच्या आठवड्यात मी येते आहे. छोटीला माझ्याकडे द्यायची घाई करू नका. मला कपड्यांचा ढीग द्या, स्वयंपाकघर द्या, छोटी मी नंतर घेईन. लसीच्या दिवशी तू रजा टाक. टोचताना तिने पाजत राहिलं तर बाळ कमी रडतं, ते आधीच सांगून ठेव तिथे. नंतर थोडा ताप येऊ शकतो, तो किती आला तर काय करायचं आणि औषध किती द्यायचं हे डॉक्टरांना विचारून तू स्वतः लिहून आण. एरवी मात्र तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८ अंश सेल्सियस म्हणजे १००.४ फॅरेनहाइट ताप असला तर घरी थांबायचं नसतं. थर्मामीटर आहे ना घरात? तिला विचारू नकोस.

हे पत्र तिला दाखवायचं तर दाखव. फक्त ती झोपली असेल तर उठवून दाखवू नकोस.

तुझी,
आई