जुने दिवाळी अंक शनिवारपर्यंत दालनात पोहोचवा

नमस्कार मंडळी,

दादरच्या आपल्या दालनात यंदा वर्षभर कथाचित्रं आणि मुखपृष्ठंच लागणार. सुरुवात चित्रकार दीनानाथ दलालांपासून (१९१६–१९७१), पुढे चित्रकार रघुवीर मुळगावकर, मग मुलांची पुस्तकं. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून कुठलंही मूळ चित्र तीन महिन्यांहून जास्त भिंतीवर राहणार नाही. वेळेत येऊन बघा.

दलालांनी १९४५ साली सुरू केलेल्या 'दीपावली'चे जुने अंक कुणाकडे आहेत? मूळ चित्राशेजारी छापील पान ठेवलं की छपाईत रेषेचं काय होतं ते कळतं, आणि मला ते सगळ्यांना दाखवायचंच आहे. पानं फाटकी असली तरी चालतील. फक्त सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. चिकटपट्टीचा पिवळा डाग सहसा निघत नाही.

अंकावर आतून पेन्सिलीने नाव लिहा. परत मिळतील.