खारं पाणी अन् बाबाची गाडी

प्रिय दोस्ता,

सहा महिने झाले, तुले एक ओळ नाही लिहिली. दोनदा मोबाईल हातात घेतला अन् ठेवून दिला. पण मागच्या महिन्यात जे झालं ते इथं कोणाले सांगून फायदा नाही, ते तुलेच समजन. आईचे गुडघे तसेच आहेत, बाकी सारे बरे.

बाबाच्या मोटरसायकलचा चिमटा, मागचं चाक धरते तो, गेला बे. मोडला नाही, कुजला. हरभऱ्यात रोही अन् डुकरं शिरून राहिले म्हणून रोज रात्री जागलीले जातो, तवा एका पहाटे धुवारीत परत येता येता नाल्याजवळ मागचं चाक डुलाले लागलं. मले वाटलं पंक्चर. मिस्त्रीनं गाडी आडवी केली, चिमट्याच्या पाइपाले खालून पेचकस टोचला तं आरपार! पाइपाच्या बुडाशी पाणी निघून जावाले एक बारीक भोक असते, ते काळ्या मातीनं बुजलेलं, तारेनं मोकळं केलं तं आतून लाल चिखल पडला. मिस्त्री म्हणे, भाऊ, इतकी काहून धुता गाडी?

बाबा गेल्यापासून एक रविवार चुकला नाही रे. बोरले पाइप लावून, अंगठा दाबून जोराची धार करून, चाकाच्या बेरिंगपर्यंत धुवायचो. ज्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही, जे आपण पीत नाही, पिकाले देत नाही, ते मी गाडीले पाजलं.

मागच्या हिवाळ्यात तू फोनवर सांगत होता का टोरंटोत बर्फ वितळवाले रोडवर मीठ टाकतात, ते गाडीले खालून खाते, बहुतेक लोकं थंडीत मोटरसायकल काढतच नाहीत. मी म्हटलं, आमच्याकडे मीठ भाजीत टाकतात, अन् तू रागानं फोन ठेवला. तुहंच खरं होतं. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्याचं सारं खारं पाणी माह्याच अंगणात बोरनं वर येऊन राहिलं होतं. पाणी वाळते, मीठ राहते, अन् धुवारी पडली का ते मीठ हवेतली ओल ओढून घेते, गाडी दिसाले कोरडी पण सांध्यासांध्यात ओली. वरून मी प्लास्टिकची ताडपत्री गुंडाळायचो, म्हणजे ओल आतच कोंडली. सायलेन्सर बी आतून गेला. लिटरभर पेट्रोल जळलं का जवळपास लिटरभरच पाणी तयार होते, सायलेन्सर चांगला तापला तं वाफ होऊन निघून जाते, पण वावर दोन किलोमीटरवर, तो तापाच्या आधीच गाडी बंद, रोज.

अन् बाबा गाडी धुतच नव्हते, आठवते? चिखल वाळू द्यायचे, काडीनं खरडायचे, ओलं फडकं, मंग तेलाची चिंधी चाकाच्या तारांवरून एकेक करून. आपण त्याले कंजूषपणा म्हणायचो. 1996 ची गाडी, कापसाच्या चुकाऱ्यातली, त्यांच्या हातात तिले गंज दिसला नाही. माह्या हातात पाच हिवाळे नाही टिकली.

(तू इंडिकेटर फोडलं अन् मार मले बसला, ते मी अजून विसरलो नाही. पेट्रोलचे दोनशे रुपये बी.)

मोठा भाऊ म्हणते भंगारात दे. नाही देणार. अकोल्याहून जुना चिमटा आणला, बसला. चेसिस धड आहे, सीटखाली पोपडे आले तेवढे खरवडून रेड ऑक्साइड मारलं, आता ते भोक दर महिन्याले तारेनं साफ करतो. चेन रॉकेल अन् ब्रशनं घासून, गरम असतानाच नव्वद नंबरचं ऑइल. जागलीवरून आलो का थेट घरी नाही येत, फाट्यापर्यंत जाऊन येतो, सायलेन्सर तापाले. ताडपत्री फेकली, मोठ्या आईचं सुती लुगडं टाकतो, हवा खेळते. पाण्यावरून मात्र घरात भांडण. तुही वहिनी म्हणे, शहानूर धरणाचं प्यायचं पाणी गाडीले? तिचंही बरोबर आहे. शेवटी अर्ध्या बादलीवर तोडगा निघाला, तेही फडकं पिळून, धार नाही.

तुही नोकरी पक्की झाली का? पोरगी चालाले लागली म्हणे, व्हिडिओ टाक. वहिनीले नमस्कार सांग.

एक गोष्ट मात्र तुलेच विचारतो. बाबाच्या त्या पिवळ्या डब्यात तेल कोणतं होतं? इंजिनचं जुनं का जवसाचं? जवसाचं वाळून पापुद्रा धरते, म्हणून मले तेच वाटते, पण पक्कं माहीत नाही. संध्याकाळी ते पुसत बसायचे तवा तू त्यांच्याजवळ बसत होता, मी खेळाले पळायचो. आठवून सांग. तवर तारांले काहीच नाही लावलं.

तुहाच,
मागच्या सीटवरचा